पट्टा आणि पट्टी

वडिलांशी वाद घालून मिळवलेला विजय फार दिवस टिकत नाही, असे म्हणतात. माझा तेहतीस वर्षे टिकला. १९९० च्या दिवाळीत वेल्ह्याच्या आमच्या घरी मी अण्णांना एका कागदी चकतीच्या पुराव्यावर खोटे पाडले होते. २०२३ च्या पावसाळ्यात, भोरमधल्या एका मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात, त्याच चकतीने मला खोटे पाडले. अण्णांना जाऊन तेव्हा अठरा वर्षे झाली होती. चूक कबूल करायची, तर कोणापुढे करणार? म्हणून ती आज वाचकांपुढे करतो आहे. एका परीने ती यंत्राची गोष्ट आहे, पण ज्यांच्या घरी म्हातारी माणसे आहेत त्यांनीही ती वाचायला हरकत नाही.

अण्णा १९८८ मध्ये जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले आणि तोरण्याच्या पायथ्याशी, वेल्ह्यात येऊन राहिले. गाणे ते रीतसर शिकले नव्हते. पण एकादशीच्या भजनाला पेटीवर त्यांच्याशिवाय कोणी बसत नसे. मी त्या वेळी एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या भोर शाखेत अधिकारी होतो. शनिवारी अर्ध्या दिवसाची बँक आटोपली की भोरहून कापूरहोळ, तिथून चेलाडी फाटा आणि मग नसरापूरवरून वेल्हे, अशा तीन एस.टी. बदलत घरी पोहोचायचो. पावसाळ्यात पोहोचेपर्यंत अंधार पडलेला असे आणि बहुधा दिवेही गेलेले असत.

१९८९ मध्ये माझा आतेभाऊ अमेरिकेतून कायमचा परत आला. त्याने आपला रेकॉर्ड प्लेअर अण्णांना दिला. अ‍ॅकॉस्टिक रिसर्च या कंपनीचे ते यंत्र. १९६१ मध्ये एडगर विल्चर यांनी ही बांधणी काढली आणि पुढे कितीतरी कंपन्यांनी तिचे अनुकरण केले. बांधणी दिसायला साधी होती. रेकॉर्ड ठेवायची थाळी आणि सुईचा दांडा हे दोन्ही मिळून तीन स्प्रिंगांवर तरंगणारे. मोटर मात्र त्यांच्यापासून अलग, चौकटीला पक्की. मोटर आणि थाळी यांच्यात नाते एवढेच, की एक रबरी पट्टा दोघांना जोडतो. मोटरची थरथर पट्ट्यातच विरते, ती सुईपर्यंत जात नाही. आपल्याकडच्या बहुतेक प्लेअरमध्ये तेव्हा रबराचे चाक मोटरला आणि थाळीला घासत फिरे, त्यामुळे गाण्याच्या मागे एक बारीक घरघर राही. या यंत्रात ती नव्हती. गायकाने श्वास घेतलेला ऐकू येई.

पण पहिल्याच दिवशी फजिती झाली. अमेरिकेतली वीज ११० व्होल्टची, म्हणून आम्ही ट्रान्सफॉर्मर लावला होता. रेकॉर्ड सुरू झाली आणि एका प्रसिद्ध गायिकेच्या तोंडून पुरुषाचा आवाज येऊ लागला. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली नि म्हणाली, “बाईंना पडसं झालंय का?”

कारण असे. विजेच्या प्रवाहाची दिशा सेकंदाला ठराविक वेळा उलटसुलट होते. त्या आवर्तनांना आपण सायकल किंवा हर्ट्‌झ म्हणतो. अमेरिकेत ती सेकंदाला ६०, आपल्याकडे ५०. या यंत्रातली मोटर सिंक्रोनस जातीची, म्हणजे या आवर्तनांशी पाऊल मिळवून चालणारी. लेझीम खेळणारी मुले ढोलाच्या ठेक्यावर पाऊल टाकतात, तशी. ढोल जोरात वाजला म्हणून पाऊल जलद पडत नाही. ठेका जलद झाला तरच पडते. व्होल्ट म्हणजे ढोलाचा जोर आणि सायकल म्हणजे ठेका. ट्रान्सफॉर्मरने जोर बदलला होता, ठेका नाही. अमेरिकेत मिनिटाला ३०० फेरे मारणारी मोटर वेल्ह्यात २५० मारू लागली. मिनिटाला सव्वातेहतीसच्या किंचित वर, म्हणजे ३३⅓ फेरे घ्यायची ती थाळी, अठ्ठावीससुद्धा घेईना. सूर तीन पट्ट्या खाली आला.

उपाय सोपा होता. मोटरच्या दांड्यावरची पुली, जिच्यावरून पट्टा जातो, ती १.२ पट मोठी करायची. भोरमधल्या एका लेथवाल्याने पितळेची पुली कातून दिली. अण्णा मुद्दाम वेल्ह्याहून आले होते. लेथसमोर स्टुलावर बसून त्यांनी ती कातताना पाहिली, दोनदा व्हर्नियर लावून मापून घेतली. घरी जाऊन बसवली आणि बाई पुन्हा बाईंच्या आवाजात गाऊ लागल्या. अण्णांनी पेटी ओढली आणि रेकॉर्डबरोबर साथीला बसले.

खरा वाद सुरू झाला तो यानंतर.

अण्णा सांगू लागले, की संध्याकाळी रेकॉर्ड उतरते. सातच्या सुमाराला लावली तर गायकाचा षड्ज पेटीच्या कुठल्याच पट्टीला लागत नाही, दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी लोंबकळतो. रात्री अकराला लावली तर पट्टीच्या किंचित वर जातो. मी म्हटले, पेटी उतरली असेल. ते म्हणाले, पेटी संध्याकाळी उतरून रात्री चढत नसते. मी पुण्याहून, तपकीर गल्लीतून, एक स्टॅबिलायझर आणून दिला. काही फरक पडला नाही. पडणारही नव्हता. तो जोर सांभाळतो, ठेका नाही.

मग दिवाळीत मी ती चकती नेली. एका जुन्या मासिकातून कापलेली, स्ट्रोब चकती. कडेला सारख्या अंतरावर १८० काळ्या रेषा असतात. ती फिरत्या थाळीवर ठेवायची आणि ट्यूबलाइटच्या उजेडात पाहायची. ट्यूब सेकंदाला शंभरदा लुकलुकते, आपल्या डोळ्यांना ते कळत नाही. थाळीचा एक फेरा बरोबर १.८ सेकंदांचा असेल, तर तेवढ्यात १८० लुकलुकी होतात. प्रत्येक लुकलुकीला एक रेषा पुढच्या रेषेच्या जागी आलेली असते आणि सगळ्या रेषा जागच्या जागी उभ्या दिसतात. वेग कमी असेल तर त्या मागे सरकतात, जास्त असेल तर पुढे.

संध्याकाळी साडेसातला, अण्णांनी सांगितलेल्या नेमक्या वेळी, मी चकती लावली. रेषा भिंतीवरच्या खिळ्यासारख्या स्थिर होत्या. मी अण्णांना चष्मा लावून पाहायला सांगितले. त्यांनी पाहिले. बराच वेळ पाहिले.

“चकती म्हणते तसं असेलही,” ते म्हणाले. “पण पेटीला वीज लागत नाही, बाबा.”

मी हसलो. आईशी बोलताना मी असेही म्हणालो, की अण्णांच्या कानांचे आता वय झाले आहे. ते त्यांनी ऐकले असावे. कारण त्यानंतर या विषयावर ते माझ्याशी कधी बोलले नाहीत. २००५ मध्ये ते गेले. प्लेअर माळ्यावर गेला, पट्टा उन्हाळ्याच्या उष्म्याने वितळून पुलीला डिंकासारखा चिकटला.

निवृत्तीनंतर माणसाला माळे आठवतात. २०२३ मध्ये मी तो खाली काढला. भोरला राजवाड्याच्या पलीकडे शेतीपंपांच्या मोटरी भरणारे एक दुकान आहे. तिथला तरुण मुलगा पंपांना वेग कमी-जास्त करणारे इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह बसवतो, असे ऐकले होते. त्याने नवा पट्टा मिळवला, धारवा पुसून तेल घातले, मोटर सुरू केली. मी मोठ्या अभिमानाने खिशातून चकती काढली. दुकानात जुन्या चोकची ट्यूब होती. आजकालचे अनेक एलईडी दिवे तसे लुकलुकत नाहीत, त्यामुळे ही चकती त्यांच्याखाली चालत नाही. रेषा स्थिर उभ्या राहिल्या.

“बघ,” मी म्हटले, “वेग अगदी बरोबर.”

त्याने चकतीकडे पाहिले, वर ट्यूबकडे पाहिले. “काका, पण ट्यूब कुठल्या विजेवर आहे?”

मला प्रश्न कळला नाही. त्याने दुकानातला छोटा जनरेटर सुरू केला, प्लेअर आणि ट्यूब दोन्ही त्याच्यावर घेतली. मग जनरेटरच्या इंजिनाचा वेग हळूहळू उतरवला. गाणे डोळ्यांदेखत जड झाले, सूर खाली खाली घसरला. आणि रेषा? त्या जागच्या हलल्या नाहीत. मोटर मंद झाली तशी ट्यूबची लुकलुकही मंद झाली. दोघी एकाच ढोलावर नाचत होत्या.

बँकेत तीस-पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला याहून मोठी चपराक नाही. दोन खातेवह्या एकमेकींशी जुळल्या, म्हणून हिशेब बरोबर ठरत नाही. दोन्ही एकाच चुकीच्या व्हाउचरवरून लिहिल्या असतील, तर त्या जन्मभर जुळतील. हे मी नव्या कारकुनांना शिकवत आलो होतो. आणि घरी मी दुसरी खातेवही पहिलीवरूनच उतरवून घेतली होती. पेटीची पाती विजेवर हलत नाहीत. त्या घरात विजेपासून स्वतंत्र असलेली साक्षीदार ती एकटीच होती आणि अण्णांनी नेमके तेच मला सांगितले होते.

पण विजेचा ठेका खरोखरच इतका उतरत होता काय? होता. देशातली जनित्रे एकमेकांशी जोडलेली असतात आणि एका लयीत फिरतात. मागणी पुरवठ्यापेक्षा वाढली, की भरलेली एस.टी. वरंध घाट चढताना मंदावते तशी ती सगळी मिळून मंदावतात. आपल्याकडे विजेचा तुटवडा पाचवीला पुजलेला. ५० च्या जागी वारंवारता ४८ पासून ५२ पर्यंत कुठेही भटकत असे. संध्याकाळी घरोघर दिवे लागले की खाली, रात्री सगळे निजले की वर. भाटघरच्या धरणाखालची वीज असो की कोयनेची, एकदा जाळ्यात आली की तिचा ठेका सगळ्यांचा.

वारंवारता ४८.५ वर आली, की थाळी तीन टक्क्यांनी मंद होते. पेटीवरच्या दोन लगतच्या पट्ट्यांत सुमारे सहा टक्क्यांचे अंतर असते. म्हणजे तीन टक्के उतरलेला षड्ज बरोबर दोन पट्ट्यांच्या मधे जाऊन बसतो. अण्णांचा शब्द न् शब्द खरा होता. सगळेच स्वर सारख्या प्रमाणात उतरत असल्याने नुसते ऐकणाऱ्याला गाणे बेसूर वाटत नाही. जो साथीला बसतो, त्यालाच ते कळते.

त्याच पावसाळ्यात रेकॉर्डच्या पेटाऱ्यात मला एक शंभरपानी वही सापडली. शाळेच्या हजेरीपटासारखे आखलेले रकाने. तारीख, वेळ, रेकॉर्डची एक बाजू वाजायला लागलेला अवधी आणि पेटीशी मेळ. रेकॉर्ड नेहमी एकच, एका रागाची, वेष्टनावर वीस मिनिटे अवधी छापलेली. घड्याळ एचएमटीचे, आकाशवाणीच्या टोल्यांवर लावलेले. पहिली नोंद १९९० च्या दिवाळीनंतरच्या आठवड्यातली, म्हणजे माझ्या चकतीनंतरची. सायंकाळी ७.३०, २० मिनिटे ३७ सेकंद, मेळ नाही. रात्री ११, १९ मिनिटे ४८ सेकंद, किंचित चढी. हा गुणाकार-भागाकार मी करून पाहिला. वीस मिनिटांना सदतीस सेकंद जास्त, म्हणजे ४८.५ सायकल. कान म्हातारे झाले म्हणणाऱ्या मुलाला उत्तर देण्यासाठी त्यांनी घड्याळ हाती घेतले होते. आणि उत्तर मिळाल्यावर ते मुलाला दाखवले मात्र नाही.

वही बारा वर्षे चालते, महिन्यातून एक-दोन नोंदी. २००२ च्या पावसाळ्यानंतर आकडे बदलू लागतात. संध्याकाळचा अवधी २० मिनिटे १२ सेकंदांवर येतो, पुढे कधी पाचवर. अण्णांनी समासात लिहिले आहे, “हल्ली संध्याकाळीही बरी.” कारण त्यांना ठाऊक नव्हते. मला आता ठाऊक आहे. जुलै २००२ पासून पश्चिम विभागात विजेच्या दरांची नवी पद्धत लागू झाली. वारंवारता खाली असताना जो ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढेल, त्याला ती महाग पडू लागली. शिस्त उपदेशाने आली नाही, बिलाने आली. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे जाळेही उरलेल्या देशाशी जोडले गेले आणि सगळ्या देशाचा ठेका एक झाला. आता ग्रीडच्या नियमांनुसार वारंवारता ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात राखायची असते. तिच्या कडेला गेली, तरी सुराला पडणारा फरक दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या तीस भागांतला एक.

मग आज वेगनियंत्रण बसवायचे कशाला? हाच प्रश्न मी त्या मुलाला केला. तो प्रामाणिकपणे म्हणाला, “काका, ३३ च्या रेकॉर्डींसाठी फार गरज नाही. पण थरथर कमी होईल आणि वेग तुमच्या हातात येईल.” मी बसवून घेतले. खर्च माझ्या एका महिन्याच्या पेन्शनपेक्षा बराच कमी आला.

त्याची रचना अशी. घड्याळात असतो तसा क्वार्ट्‌झचा स्फटिक आपल्या ठेक्याने कंप पावतो. तो ठेका लाखात दोन-चार इतकाच चुकतो. एक चिप ते कंप मोजून विजेच्या दोन गुळगुळीत लाटा तयार करते, एक दुसरीच्या बरोबर पाव आवर्तन मागे. या जातीच्या मोटरीला दोन गुंडाळ्यांत अशा दोन लाटा लागतात. एरवी दुसरी लाट कपॅसिटर लावून काढतात, ती पाव आवर्तनावर नेमकी बसत नाही आणि मोटर थरथरते. नंतर दोन अ‍ॅम्प्लिफायर त्या लाटा मोठ्या करतात. थाळी हलवायला सुरुवातीला पूर्ण व्होल्ट दिले जातात, ती फिरू लागल्यावर कमी केले जातात, त्यानेही थरथर घटते. ४५ च्या रेकॉर्डसाठी थाळी काढून पट्टा हलवावा लागत नाही, ५० ऐवजी ६७.५ सायकल दिल्या की झाले.

पण मोटर अचूक फिरली म्हणून थाळी अचूक फिरतेच असे नाही. पट्टा किंचित ताणतो, किंचित सरकतो. म्हणून थाळीच्या पोटाशी एक इवलासा लोहचुंबक चिकटवला आणि खाली एक संवेदक. प्रत्येक फेऱ्याला किती वेळ लागला ते तो मोजतो. १.८ सेकंदांहून जास्त लागला तर चिप ठेका कणभर वाढवते. हे दुरुस्तीचे काम फार हळू करावे लागते, घाई केली तर यंत्र मागे-पुढे हिसके देते आणि सूर थरथरतो. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर वहीतली शिल्लक पाहून न थांबता तिजोरीतली रोकड मोजली जाते.

मुलगा म्हणाला, आता यंत्राला ६० सायकल देता येतात, त्याची मूळची अमेरिकन पुली परत बसवू. मी नको म्हटले. भोरला कातलेली पितळी पुलीच राहू दे.

वेग हातात येण्याचा उपयोग कळला तो अण्णांच्या लाखेच्या जुन्या रेकॉर्डी काढल्यावर. त्यांची सुई वेगळी, खोबण रुंद. पट्टा पुलीच्या ४५ च्या पायरीवर ठेवून सुमारे ८६.७ सायकल दिल्या, की थाळी ७८ च्या वेगाने फिरते. पण ७८ हा आकडा तरी कुठे पक्का होता? फार जुन्या रेकॉर्डी सत्तरच्या आसपासपासून ऐंशीच्या वरपर्यंत कोणत्याही वेगाने मुद्रित झालेल्या आहेत. प्रमाण ठरले तेही विजेने ठरवले, ६० सायकलच्या देशांत ७८.२६ आणि ५० च्या देशांत ७७.९२. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या मंडळींनी जपलेल्या जुन्या संग्रहांपुढे हा प्रश्न उभाच असतो, की गायक मुळात कोणत्या पट्टीत गायला?

या फरकाला आपल्या संगीतात किंमत आहे. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींच्या मोजमापावर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांच्या या खटाटोपात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची साथ होती. जिला प्रमाणश्रुती म्हणतात, तिचे गुणोत्तर ८१ ला ८०, म्हणजे सव्वा टक्का. थाळी सव्वा टक्का मंद झाली, की षड्ज एका श्रुतीने खाली. अण्णांची रेकॉर्ड रोज संध्याकाळी दोन श्रुतींहून जास्त उतरत होती आणि मी त्यांना चकती दाखवत होतो.

स्फटिक दिलेला वेग इमानाने सांभाळतो. कोणता वेग द्यायचा हे मात्र तो सांगू शकत नाही. ते पेटी घेऊन बसणाऱ्या माणसाने ठरवायचे. मी जुनी रेकॉर्ड लावतो, पेटीवर षड्ज धरतो, बटण किंचित फिरवतो. माझा कान अण्णांचा नाही. शेजारचे एक भजनी बुवा येतात, त्यांना विचारतो. ते म्हणाले अजून वर, की वर.

ज्यांच्या घरी असा पट्ट्याचा प्लेअर असेल त्यांनी खर्चात पडण्यापूर्वी एक करावे. आधी पट्टा बदलावा, तेल घालावे, यंत्र समतल ठेवावे. मग रेकॉर्डवर कडेला कागदाचा कपटा ठेवून सुई टेकवावी आणि थाळीचे शंभर फेरे मोजावेत. बरोबर तीन मिनिटे लागली, तर वेग ठीक आहे. घड्याळ मनगटावरचे किंवा मोबाइलमधले असावे. त्याच प्लगवरचे नको. रेकॉर्डचे भोकच मध्यापासून सरकलेले असेल, तर मात्र सूर फेऱ्यागणिक हेलकावणारच, त्याला कोणतेही ड्राइव्ह उपयोगी नाही.

वेल्हे तालुक्याचे नाव आता राजगड झाले आहे. घर तेच आहे. मागच्या कार्तिकी एकादशीला भजन संपल्यावर मी ती एका रागाची रेकॉर्ड लावली, अण्णांचे एचएमटी किल्ली देऊन चालू केले. गायकाचा षड्ज पेटीच्या पट्टीवर अलगद बसला. बाजू संपली तेव्हा वही उघडली आणि त्यांच्या शेवटच्या नोंदीखाली तारीख घातली. सायंकाळी ७.३०. वीस मिनिटे. मेळ आहे.